तुम्ही विचारलंत म्हणून: मी लगेच वर्गात का शिरत नाही

"ताई, पूर्वी तुम्ही एका फोनवर यायचात. आता एवढ्या अटी कशाला?" मुख्याध्यापक विचारतात, संस्थाचालक विचारतात, माझ्याबरोबर काम केलेल्या मैत्रिणीही विचारतात. अट म्हणाल तर एकच आहे. लैंगिक अत्याचारापासून स्वतःला कसं जपायचं, याचा मुलांचा तास घेण्याआधी शाळेतल्या सगळ्या मोठ्यांबरोबर एक पूर्ण दिवस बसायचं, शिपाईमामा आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींसकट, आणि पालकांची एक बैठक. तेवढं झालं की मी येते. बहुतेकदा तेवढं होत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली आणि माझा फोन वाजायचा थांबेना. "उद्याच या, गुड टच-बॅड टच उरकून घेऊ. फोटो वर पाठवायचेत." एका शाळेत फक्त मुलींना हॉलमध्ये बसवलं होतं, मुलगे बाहेर कबड्डी खेळत होते. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत ज्यांनी अत्याचार झाल्याचं सांगितलं त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते, हे मी तिथंही सांगितलं. "हो हो, मुलांचं पुढच्या वर्षी बघू."

पण मी काही पहिल्यापासून अशी हटवादी नव्हते. त्याच २००७ साली विधिमंडळात गदारोळ होऊन लैंगिक शिक्षण आपल्या शाळांतून हद्दपार झालं. त्यानंतर आम्ही पत्रात 'जीवनकौशल्ये' असं लिहून मागच्या दारानं आत शिरायचो. दार उघडलं याचाच इतका आनंद असायचा की आत गेल्यावर काय होतंय हे कोण बघतंय! चाळीस मिनिटांचा तास, रंगीत चित्रं, आणि तीन शब्द: नाही म्हणा, पळा, सांगा. मुलं घोकायची. वर्ष संपलं की अहवालात किती मुलांपर्यंत पोचलो त्याचा आकडा लिहायचा. तो लिहिताना मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

डिसेंबर २०१७. बीडच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग. पटावर चौतीस, समोर एकोणीस. बाकीचे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले. मागं राहिलेले आजीकडे, चुलत्याकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. दिवाळीनंतर गेलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, पाडव्याच्या सुमारालाच परतायचा. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले, पोरांकडून तीनदा म्हणवून घेतले. तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला.

"ताई, पळायचं म्हंजी कुठं?"

वर्ग हसला. मीही हसले. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. हसले आणि म्हटलं, "घरी की! आईकडे." ती खाली बसली. मी पुढच्या चित्राकडे वळले, कारण घंटेला बारा मिनिटं होती आणि माझी सहा चित्रं उरली होती.

तासानंतर प्रश्नपेटी फिरायची. पेटी कसली, बुटाचं खोकं, वर भोक पाडलेलं. चिठ्ठ्या मी एस.टी. स्टँडवर बसून वाचल्या. बऱ्याचशा नेहमीच्याच, पाळीबद्दल, मिशीबद्दल. एक मात्र चौकटीच्या वहीच्या पानावर होती, चार घड्या घातलेली: 'आई कारखान्याला गेल्यावर कोनाला सांगायचं'. प्रश्नचिन्ह नव्हतं, नावही नव्हतं.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम १९ मला पाठ होतं. गुन्हा घडल्याचं कळलं तरच नव्हे, घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवावं लागतं. घडलेला गुन्हा दडवला तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "पुरावा शोधणं तुमचं काम नाही, शंका आली की कळवा," हे मी शिक्षकांना स्वतः सांगत फिरायचे. आणि मी काय केलं? मुख्याध्यापकांना फोन. ते म्हणाले, "ताई, इथं अर्ध्या पोरांच्या आया कारखान्यावर असतात. कुणाची म्हणून शोधू? बघतो मी." बघतो म्हणाले, म्हणून माझं ओझं उतरलं. गाडी आली, मी बसले.

फेब्रुवारीत पुन्हा गेले तर ती मुलगी वर्गात नव्हती. मामाच्या गावाला गेली म्हणे. कुठलं गाव, ते वर्गशिक्षकांना माहीत नव्हतं. दाखला शाळेतच पडलेला. जूनमध्येही ती आली नाही.

आता माझी बाजू. चिठ्ठी तिचीच होती कशावरून? एखाद्या पोरानं सहजही लिहिली असेल. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावून मी सांगणार तरी काय होते, एका कागदावर प्रश्नचिन्ह नाही म्हणून? हे सगळं मी स्वतःला खूपदा समजावलंय. आणि मग एखाद्या मुख्याध्यापकांच्या तोंडून हेच शब्द ऐकले की मला त्यांचा राग येतो.

म्हणून ती अट. पोरांना 'सांगा' म्हणायच्या आधी ऐकणारं माणूस कोण, ते मला नावानिशी हवं असतं. मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत असावी असा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. समितीत कोण आहे विचारलं की कपाटातून रजिस्टर निघतं, आणि त्यात सही असलेल्या बाईंना आपण सदस्य आहोत हे माझ्याकडून कळतं. खिचडीच्या मावशींना मात्र कुठलं पोर कुणाकडे झोपतं, कोण दुपारची खिचडी डब्यात भरून घरी नेतं, सगळं ठाऊक असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

माझी एक मैत्रीण यावर भांडते. म्हणते, तू अटी घालत बसतेस आणि तोवर पोरं कोरडी राहतात. तिचं सगळंच चुकतं असं नाही. कॉक्रेन ही संस्था आरोग्याबद्दलचं संशोधन एकत्र करून तपासते; तिच्या २०१५ च्या आढाव्यात जगभरातले २४ अभ्यास तपासले होते. अशा तासांनी मुलांना समज येते, एवढं त्यात दिसतं. अत्याचार कमी होतात का, हे त्यातून सिद्ध होत नाही. मी हे तिला ऐकवलं, तर ती म्हणाली, तुझा दिवसभराचा शिक्षकांचा वर्ग तरी कुणी तपासलाय? नाही तपासला. शिवाय माझ्या जुन्या, चाळीस मिनिटांच्या तासाला बसलेला एक मुलगा मला गेल्या वर्षी भेटला. आता कॉलेजात आहे. त्या तासानंतर त्यानं आजीला सांगितलं होतं, आणि आजीनं ऐकलं होतं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याला ते तीन शब्द अजून पाठ आहेत.

जानेवारीत एका शाळेनं माझी अट नाकारली आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. चारशे मुलं मैदानात, माईक, एक तास. फोटो ग्रुपवर आले, मीही पाहिले. मधल्या रांगेत एका मुलाचा हात वर आहे. त्यानं काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, ते फोटोत कळत नाही.