दिसला का?

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ आला. मालवणच्या स्नॉर्कलिंगवाल्या पोराचा. आम्ही परत येऊन आठ दिवस झाले होते. "नेट नव्हता दादा, सॉरी." एक मिनिट चाळीस सेकंद, मागे कसलंतरी ढोलबडवं गाणं. हिरवट पाण्यात एक गुबगुबीत इसम नारिंगी जॅकेटात तरंगतो आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतो आहे. तो मी. माझ्या डाव्या खांद्याच्या खालून, जेमतेम वीतभर अंतरावरून, एक हातभर लांबीचा गोबरा मासा सावकाश निघाला आहे. निवृत्त हेडमास्तर फिरायला निघावेत तसा. मध्ये तो थांबतो, माझ्या दंडाकडे बघतो, आणि काही विशेष नाही असं ठरवून पुढे जातो.

बायकोनं व्हिडिओ दोनदा बघितला. "हा दिसला होता तुला?"

"हो मग," मी म्हटलं.

आता यात खोटं बोलायचं काय कारण होतं? मासा माझ्या पाठीमागे होता हे व्हिडिओत स्वच्छ दिसतं आहे. पण "दिसला का?" असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून "हो" निघतं. विचार करायला वेळच मिळत नाही.

याचा उगम बहुधा संकष्टीत आहे. आई दर महिन्याला संकष्टी धरायची, अजून धरते. डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीतून चंद्र दिसायला उशीर व्हायचा, गच्चीवरून दहा-पंधरा मिनिटं आधी. त्यामुळे हेर म्हणून मला वर पाठवायचे. बाबा कालनिर्णय बघून वेळ सांगायचे, नऊ बावीस वगैरे, आणि मी टाकीच्या कठड्यावर चढून बसायचो. खाली मोदक झाकून ठेवलेले. चंद्र निघाल्याशिवाय ताट नाही. एरवी ठीक होतं, पण पावसाळ्यात नऊ बावीसचे नऊ पन्नास व्हायचे, ढग हलायचे नाहीत, आणि खालून आईचा आवाज यायचा, "दिसला का रे?" तिच्या आवाजात सकाळपासूनचा उपास असायचा, माझ्या पोटात मोदक. एकदा ढगाच्या कडेला काहीतरी उजळल्यासारखं वाटलं. स्टेशनकडचा दिवाही असेल. मी ओरडलो, "दिसला!" आईनं गॅलरीतून त्या दिशेला अर्घ्य दिलं, हात जोडले, पानं घेतली. आकाश कोसळलं नाही. मोदक नेहमीसारखेच लागले.

मग १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला. मार्चमध्ये पहाटे साडेचारला सगळी बिल्डिंग गच्चीवर. कोणाच्यातरी ऑफिसातून मागून आणलेली दुर्बीण होती, तिच्यासाठी रॉकेलसारखी रांग. जो तो डोळा लावून "वा!" म्हणायचा आणि पुढच्याकडे द्यायचा. माझी पाळी आली. बाबांनी मागून मान धरून दिशा दाखवली. "दिसला?" मला आपल्याच पापण्या दिसल्या. "दिसला," मी म्हटलं. बाबा इतके खूश झाले की बोलायची सोय नाही. पुढे दोन वर्षांनी मला चष्मा लागला, तोही चांगला जाड. तो लावून पहिल्यांदा गॅलरीत उभा राहिलो तेव्हा कळलं की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू इतकी वर्षं मला बघून हसत नव्हत्या, त्यांचे दात पुढे होते. त्याच सुमारास हेही ध्यानात आलं असणार की धूमकेतू मला दिसणं शक्यच नव्हतं. पण बाबांना ते कधी सांगितलं नाही. आपल्या मुलानं हॅलेचा धूमकेतू पाहिला आहे आणि पुढच्या वेळी, २०६१ मध्ये, तो पुन्हा पाहील, असं ते लोकांना सांगायचे.

लग्नातलं अरुंधतीदर्शन तर भर दुपारी बारा-सव्वाबाराला, बंद हॉलमध्ये झालं. गुरुजींनी पंख्याकडे बोट दाखवलं. आम्ही दोघांनी पंख्याकडे बघून माना हलवल्या.

तर मालवण. पॅकेज दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग, दुसऱ्या दिवशी देवबागेतून बोटीनं डॉल्फिन, गोल्डन रॉक आणि समुद्र शांत असला तर निवती रॉकच्या गुहा. किल्ल्याबद्दल इथं काही लिहीत नाही. १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं समुद्रात दगड रचून उभा केलेल्या गोष्टीबद्दल पोहता न येणाऱ्या माणसानं काय लिहायचं? आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोड आहे, एवढं ओंजळीनं पिऊन सांगू शकतो. चहूबाजूंनी खारं आणि मध्ये गोड. मुलगी म्हणाली, "पाइपलाइन असेल."

गाईड म्हणजे विशीतला एक सडपातळ पोरगा. वडील मच्छीमार. पाण्याखालच्या या खडपांवर वडलांची जाळी फाटायची, तेव्हा ते खडपांना शिव्या द्यायचे. आता तीच खडपं मी लोकांना दाखवतो आणि पैसे घेतो, असं तो हसत सांगत होता. १९८७ साली इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा गावात बरीच कुरबुर झाली होती, तीही त्यानं सांगितली, पण ऐकीव गोष्ट सांगावी तशी. त्याचा तेव्हा जन्म झालेला नव्हता.

त्यानं मास्क हातात दिला आणि म्हणाला, "आत थुंका."

मी इकडेतिकडे बघितलं. "कशात?"

"काचेवर. थुंका आणि बोटान पसरा. मगे धुरकट होणा नाय."

चाळीस वर्षांपूर्वी याच गोष्टीसाठी बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. पाटी थुंकीनं पुसू नये, विद्या जाते. वर्गातल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे थुंकीनंच पुसायचे, कारण ओला स्पंज शनिवारपर्यंत टिकत नसे. विद्या त्यामुळे गेली की मुळात आलीच नव्हती, कोण सांगणार. मी इमानेइतबारे काचेवर थुंकलो. काच आरशासारखी झाली.

पण काच स्वच्छ होऊन उपयोग काय? मास्कच्या आत चष्मा बसत नाही हे मला पाण्यात उतरेपर्यंत सुचलं नव्हतं. चष्मा बायकोच्या पर्समध्ये, पर्स बोटीत, आणि मी उणे पाचचे डोळे घेऊन समुद्रात. वर नाक बंद, तोंडात नळी. लहानपणी झोपेत माझं तोंड उघडं राहायचं, तर आजी येऊन हनुवटी वर ढकलायची, "मीट ते, माशी जाईल." सगळ्या घरानं इतकी वर्षं मेहनत घेऊन मिटायला लावलेलं तोंड आता एक परका पोरगा उघडायला सांगत होता. पहिल्या तीन श्वासांत मी निम्मा अरबी समुद्र प्यायलो.

पाण्यात बोलता येत नाही म्हणून त्यानं खुणा शिकवल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केलं की सगळं ठीक. तळहात डुगडुगवला की काहीतरी गडबड. अंगठा वर केला की मला वर घ्या. मी लक्ष देऊन ऐकलं होतं. मग त्यानं पावाची लादी काढली, आणि तुकडा सोडताच पिवळे-काळे पट्टेवाले मासे धावून आले. हे मला आवडलं नाही. माशाला पाव काय घालायचा? ठाण्याच्या तलावपाळीच्या बदकांना घालावा तसा? त्या खडपावर त्यांना खायला काय कमी आहे? पण तोंडात नळी असल्यामुळे मतप्रदर्शन राहून गेलं. एवढ्यात पोरानं माझं मनगट धरलं आणि खाली बोट दाखवलं. तिथं एक तपकिरी डाग होता. प्रवाळ असेल, दगड असेल, वाहून आलेली गोणीही असेल. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. काचेतूनही मला तो प्रश्न ओळखू आला.

मी उत्साहानं अंगठा वर केला.

पुढच्या क्षणी मी पाण्याबाहेर होतो. त्यानं बगलेत हात घालून उपसूनच काढलं. "काय झाला? दम लागलो?" बोटीतून बायको ओरडते आहे, मुलगी उभी राहून बघते आहे. नळी काढून मी म्हटलं, "काही नाही, दिसलं म्हणून सांगत होतो." त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग खूण पुन्हा शिकवली, दोनदा, पहिलीतल्या मुलाला शिकवावी तशी.

काचेतून पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते, पटीत सांगायचं तर एकास सव्वा-दीड. कोळी मंडळी माशाची लांबी हातानं दाखवतात तेव्हा हेच माप धरत असावीत. बिनचष्म्याच्या माणसाला त्याचा थोडा फायदा होतो म्हणतात. मला एवढाच झाला की लहान डाग मोठे दिसले. पण एक कबूल करतो, ते डाग सुंदर होते. एकही मासा धड दिसला नाही. पण जांभळं काहीतरी हिरव्यातून सरकत होतं, उन्हाचे कवडसे हलत होते, आणि माझ्याच श्वासाचा आवाज, आजी घोरायची तसा, कानात येत होता. याचं वर्णन करायला कोणी विचारलं नाही. विचारतात ते "मासे दिसले का?"

दुसऱ्या दिवशी चष्मा डोळ्यावर होता, त्याला मागून दोरी बांधलेली. बोटीत चौदा माणसं. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, साठीच्या घरातला, बोलायला महाग. निवतीच्या बाजूला त्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी शिलगावली. बराच वेळ काही नाही. मग कोणीतरी किंचाळलं, "तो बघा!" चौदाच्या चौदा डाव्या कडेला. बोट कलली. तांडेल पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "एका बाजूक नको!" आम्ही परत जागेवर. मग उजवीकडून "तो बघा!"

डॉल्फिन बघणाऱ्या बोटीइतकं एकमत लोकसभेतही होत नसेल. एकाला दिसला की सगळ्यांना दिसतो. शेजारच्या कोल्हापूरच्या काकांनी माझा दंड धरला, "दिसला न्हवं?" मी म्हटलं, "दिसला की." एक काळसर पाठ वर आली होती खरी, वर कुबड असल्यासारखी. लाटही असू शकेल. पण लाटेला कुबड नसतं, त्यामुळे डॉल्फिनच धरू. तांडेल मात्र तिकडे बघतही नव्हता. त्याच्या भाषेत ते गादे, जाळ्यातले मासे ओढून खाणारे आणि जाळी फाडणारे. आपल्या घरात उंदीर झालेत आणि ते बघायला पुण्या-मुंबईहून माणसं तिकीट काढून येतात, अशा चेहऱ्यानं तो बिडी ओढत होता.

समुद्र शांत होता, म्हणून पुढे निवती रॉकला नेलं. दीपगृह असलेलं बेट, आजूबाजूला काळे उघडे खडक, लाट आपटली की पांढऱ्या होणाऱ्या कपारी. गुहेच्या तोंडाशी बोट आली आणि थांबली. आत नेणार नाही, तांडेल म्हणाला, पाखरांची घरटी आहेत. या पाखराचं नाव पाकोळी. मुठीत मावेल एवढी, तपकिरी. कोकण किनाऱ्यावरची त्यांची मोठी वसाहत इथं आहे. घरटं बांधते ते स्वतःच्या लाळेनं, ती वाळली की कपारीला घट्ट चिकटून बसते. दूर चीनमध्ये या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथली घरटी चोरीलाही जायची. थुंकीनं घर बांधणारं पाखरू. बाईंना सांगायला हवं होतं.

आत काळाकुट्ट अंधार. चौदा माणसांनी चौदा मोबाईल वर केले आणि कोणाच्याही पडद्यावर काही उमटलं नाही. मग हळूहळू बोटीतले आवाज थांबले, आणि दोन लाटांच्या मधल्या फटीत ते ऐकू आलं. टिकटिक टिकटिक, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसं. पाकोळीला अंधारात दिसत नाही. ती असा आवाज करते आणि भिंतीवरून परत येणाऱ्या पडसादावरून वाट काढते. वटवाघूळही हेच करतं, पण त्याचा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा; पाकोळीचा आपल्याला ऐकू येतो. शेकडो पाखरं त्या काळोखात एकमेकांना न धडकता फिरत होती. कोल्हापूरचे काका टोपी काढून ऐकत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही.

रात्री देवबागेत, घरगुती खानावळीच्या पडवीत, पानात तळलेला बांगडा होता. फोन वाजला. आई.

"अरे, आज संकष्टी. इथं समोर तो बावीस मजली झाल्यापासून काही कळत नाही बघ. कालनिर्णयातली वेळ तर होऊन गेली. तुमच्याकडे समुद्र आहे, मोकळं असेल. दिसला का रे?"

चंद्र उगवतो पूर्वेला आणि समुद्र आहे पश्चिमेला, हे तिला सांगावंसं वाटलं नाही. आज संकष्टी आहे हे आपल्या लक्षात नव्हतं, हे तर नाहीच नाही. दाढेत बांगड्याचा काटा अडकला होता, तो जिभेनं बाजूला केला.

"दिसला," मी म्हटलं.

"बरं झालं. घेते मग वाढून."

हात धुऊन अंगणातून मागच्या बाजूला, कर्ली नदीच्या काठावर गेलो. पलीकडच्या माडांच्या वर काहीतरी पिवळट होतं. मळभ होतं की चष्म्यावर दिवसभराचं मीठ बसलं होतं, कळेना. काच पुसायला सदऱ्याचं टोक घेतलं, तर तेही खारटच.