सायकलच्या वर्कशॉपसाठी हत्यारं घेताना: माझा अनुभव

खाणीच्या टिपरवर हात काळे केलेल्या माणसाला 8 नंबरचा पाना खेळण्यातला वाटतो. मी गोव्यात डिचोलीकडच्या एका गॅरेजात बरीच वर्षं फिटर होतो. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे थोड्याफार सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परत बंद. त्या दुसऱ्या खेपेला घरच्या पडवीत सायकल दुरुस्ती सुरू करायचं ठरवलं. हत्यार पारखायची नजर होती, पण ती जाड लोखंडाची. सायकलीचं काम बारीक. नव्या सायकलींत तर अर्धा मामला ॲल्युमिनियमचा, जोर लावला की आटेच बाहेर.

म्हापशाच्या दुकानदाराने आधी प्लास्टिकच्या पेटीतला चकचकीत संच पुढे केला. "हा घ्या दादा, सगळं एकाच पेटीत." उघडून पाहिलं. सॉकेटच सॉकेट, त्यातली निम्मी सायकलीला कधीच न लागणारी, आणि जो पाना रोज लागणार तो चाकाच्या हबमधला कोन धरायचा पातळ कोन पाना त्यात नाहीच. पेटी परत ठेवली. आपल्या दारात कुठल्या सायकली येतात ते बघायचं आणि मगच खिशात हात घालायचा, असं ठरवून टाकलं.

सायकली तीन तऱ्हेच्या आल्या. एक, पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, आणि म्हाताऱ्या मंडळींच्या काळ्या, कॉटर पिनवाल्या, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) पाचरीसारख्या पिनेने बसवलेल्या. दोन, शाळेच्या पोरांच्या गिअरवाल्या, ज्यांचे गिअर बहुतेक पडत नाहीत. तीन, पहाटे चोर्ला घाट चढून येणाऱ्या हौशी लोकांच्या, ज्यांच्या नुसत्या चाकाच्या किमतीत आमच्याकडे जुनी स्कूटर येईल. तिघांची हत्यारं वेगळी. पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू पाना एवढं तिघांना सामायिक. त्यात मी डोकं खपवलं नाही. नाशिकच्या टपारियाचे पाने गॅरेजात वापरलेलेच होते, तेच घेतले. व्हाइस भंगारवाल्याकडून घेतला. खाणी बंद पडल्यावर गॅरेजांचं सामान वजनावर निघत होतं. जुना, जड, जबडे सरळ. नव्यात तसा मिळायचा नाही.

पैसे कुठे घालायचे याचा माझा एकच हिशेब: हत्यार बिघडलं तर नवं आणता येतं, पण त्याने गिऱ्हाइकाचा नट किंवा बोल्ट गोल केला तर भुर्दंड आपल्याला. म्हणून जे हत्यार लहान, मऊ किंवा महाग भागावर बसतं, ते उत्तम हवं. जे नुसतं ठोकतं, धरतं किंवा हवा भरतं, ते मध्यम चालतं.

पहिली आली स्पोकची चावी. आमच्याकडचा पोदेर सायकलच्या मागे पावाची टोपली बांधून पहाटे निघतो. काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला 40 स्पोक आणि पुढच्याला 32, तरी मागचंच चाक आऊट जातं, म्हणजे डुगडुगतं, कारण भार सगळा मागे. त्यातून खारी हवा आणि चार महिने पाऊस, म्हणजे निपल, स्पोक ताणायचे रिमजवळचे छोटे नट, गंजून रिमला धरलेले. बाजारात गोल चकतीची चावी मिळते, कडेला सात-आठ मापांच्या खाचा असलेली. ती गंजलेल्या निपलवर घातली की अंदाजाने बसते आणि घसरते. निपलचे कोपरे एकदा गेले की स्पोक कापण्यावाचून इलाज नाही. पोदेर दारात उभा राहून सांगतो, "फाल्यां सकाळीं म्हाका सायकल जाय", उद्या सकाळी मला सायकल हवी, आणि ते खोटं नसतं; सकाळी सायकल नाही तर गावात पाव नाही. मी व्हर्नियरने निपल मोजले. काही 3.45 मिमीला जवळ, काही 3.3 ला, काही कुठल्याच मापात नाहीत. मग वेगवेगळ्या मापांच्या एकेक चाव्या घेतल्या, निपलला चारही बाजूंनी धरणाऱ्या. दोनच बाजूंनी धरणारी चावी नव्या चाकाला ठीक, गंजलेल्याला नाही. अगोदर निपलच्या मुळाशी तेलाचा थेंब, मग चहा, मग चावी.

ॲलन कीच्या बाबतीत व्हर्नियर खिशात ठेवूनच दुकानात गेलो. दुकानदार हसला, हसू दे. सायकलीला मुख्य मापं 4, 5 आणि 6. खाली 2, 2.5, 3 आणि वर क्रँकसाठी 8. पाचची की मोजायची. 4.9 च्या खाली आकडा आला की ती परत. हाताशी एक नवा बोल्ट ठेवायचा, की त्यात घालून डावी-उजवीकडे हलवायची. खडखड जाणवली तर ती की पहिल्या घट्ट बोल्टवर घात करणार. टोकाला गोळा असलेली बाजू तिरक्या कोनातून फिरवायला बरी, पण शेवटची पिळ आखूड, सरळ टोकानेच द्यायची. कीचं टोक झिजलं तर सँडरवर दोनेक मिलिमीटर उडवायचं, नवी धार मिळते. घासताना लाल होऊ द्यायची नाही, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं.

स्क्रू ड्रायव्हरकडे सगळे दुर्लक्ष करतात. डिरेलरवरचे, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावरचे, चौफुलीचे स्क्रू बऱ्याचदा जपानी पद्धतीचे असतात. नेहमीच्या फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर दिला की वर चढतं आणि खाच खाऊन टाकतं. पोरांच्या सायकलींचे गिअर न पडण्यामागे हे एक कारण मला सतत दिसतं: आधीच्या कुणीतरी स्क्रूची फुली खाल्लेली असते, मग तो फिरतच नाही. जपानी टोकाचा एक ड्रायव्हर, माझा व्हेसल कंपनीचा आहे, त्याने हा प्रश्न मिटला.

हे आणि आणखी काही गोव्यात सहज मिळेना म्हणून थिवीला गाडीत बसून मुंबईला गेलो. सीएसएमटीहून चालत नागदेवी स्ट्रीट. तिथे अर्धा दिवस कसा जातो कळत नाही. केबल कटर तिथेच घेतला आणि दुकानात कापून बघितल्याशिवाय घेतला नाही. वायरचे तुकडे मी घरून नेले होते, ब्रेकची 1.6 मिमीची आणि गिअरची 1.2 ची. पहिल्या कटरने वायर कापली गेली, पण टोकाचा पिंजरा झाला. दुसऱ्याने कापलं तरी टोक चपटं. तिसऱ्याचं टोक बोटावर फिरवलं तर एकही तार टोचली नाही. किंमत अर्थातच तिसऱ्याची जास्त. पिंजरा झालेली वायर आऊटरमध्ये, म्हणजे वरच्या नळीत, ओवायला बसलं की तो फरक का द्यायचा ते समजतं. दुकानदाराचे शेजारी मात्र माझ्याकडे संशयाने बघत होते.

कोन पाने पातळ, साधारण 2 मिमीचे, म्हणून ते कधी ना कधी वाकणारच. भारी घेऊन जपण्यापेक्षा मध्यम घ्यावेत, असं माझं मत. पुढच्या हबला बहुधा 13, मागच्याला 15, आणि वरचा चेक नट साध्या 17 च्या पान्याने धरता येतो. मात्र कोनचा 15 घेऊन पेडल खोलायला जायचं नाही. पेडललाही 15 च लागतो, पण तिथे जाड आणि लांब दांड्याचा पाना हवा. डावं पेडल उलट्या आट्याचं, हे टिपरवाल्याला नवीन नव्हतं.

कॉटर काढायला मी वेगळं यंत्र घेतलं नाही. क्रँकच्या खाली पाइपचा जाड तुकडा जमिनीपर्यंत उभा ठेवायचा, म्हणजे हातोडीचा दणका छऱ्यांवर न जाता फरशीत जातो. नट पूर्ण काढायचा नाही, आट्यांच्या टोकाशी आणून त्याच्यावर मारायचं.

चेनची झीज बघायचं हत्यारही बाजूला ठेवलं. गॅरेजातली पोलादी पट्टी पुरते. चेनची एक पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, अर्धा इंच, म्हणजे 24 पिचला बरोबर 12 इंच. पिनच्या मध्यापासून मोजून 12 वर एक सोळांश भरलं की चेन बदला. एक अष्टमांश भरलं तर मागचे दातेही बहुधा गेले. हे मी गिऱ्हाइकाच्या समोर मोजतो, मग नव्या चेनच्या पैशांवरून वाद होत नाही.

खरा खर्च तिसऱ्या तऱ्हेच्या सायकलींनी करवला. कार्बनच्या हँडलवर 5 न्यूटन-मीटर असं छापलेलं असतं. टिपरच्या चाकाचे नट शेकड्यांत आवळलेला माझा हात 5 ओळखेल यावर माझा भरवसा नव्हता आणि गिऱ्हाइकाचाही नसावा. म्हणून लहान टॉर्क पाना घेतला, 24 पर्यंतचा, क्लिक होणारा. काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. तो उसना कुणालाच मिळत नाही, मेव्हण्यालाही नाही. मागच्या कॅसेटचं, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याचं, लॉकरिंग 40 ला आवळायचं असतं, त्यासाठी गॅरेजातला जुना पाना आहे. कॅसेटचं दातेरी सॉकेट आणि चेनची पट्टी लावलेला दांडा निळ्या मुठीच्या पार्क टूलचा घेतला. अमेरिकन, महाग, पण सॉकेट घट्ट बसतं.

क्रोमचा मुलामा आमच्याकडच्या हवेत लवकर उघडा पडतो. स्वस्त पान्याच्या जबड्यावरच तो आधी सोलतो आणि त्याचे पापुद्रे बोटात घुसतात. घेतानाच जबड्याच्या आतल्या कडा उजेडात धरून बघाव्यात: रेघ, फोड, घासल्याची खूण. मृगापासून दसऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी तेलाच्या फडक्याने सगळी हत्यारं पुसतो. पेटी बंद ठेवत नाही, आत दमट हवा कोंडते. भिंतीवर फळी आणि खिळे, प्रत्येकाची जागा ठरलेली.

काही गोष्टी अजून नाहीत. एकाने आजोबांची पोर्तुगीज काळातली रॅले, म्हणजे इंग्लंडच्या कंपनीची सायकल, आणली होती. तिचे नट मिलिमीटरच्या पान्याला दाद देईनात, कारण ती व्हिटवर्थ, म्हणजे जुनी इंग्रजी इंचातली मापं. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकच्या आसाच्या घराचे, आटेही रॅलेचे स्वतःचे, इंचाला 26, इतरांचे 24. नटांपुरते एक-दोन जुने व्हिटवर्थ पाने भंगारात शोधतोय. हेडसेट प्रेस, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग-कप फ्रेममध्ये दाबून बसवायचं हत्यार, मात्र घेणार नाही. असं काम इतकं क्वचित येतं की ती फ्रेम मी पणजीच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे पाठवतो, आणि त्याच्याकडची आऊट झालेली चाकं माझ्याकडे येतात.