किरकोळ

दात घासायच्या पेस्टची ट्यूब मी कात्रीने कापतो. शेपटीकडून गुंडाळत, अंगठ्याने रेटत, शेवटी ब्रशच्या दांड्याने लाटून झाली, की मानेखाली दोन बोटं सोडून आडवा छेद द्यायचा. आत डोकावलं की कळतं, आपण किती पेस्ट कचऱ्यात टाकत आलो. भिंतींना, खांद्याच्या खाचेत, थेट मानेच्या आत एवढी असते की घरातल्या तिघांचे तीन-चार दिवस आरामात निघावेत. ब्रश आत घालून ती खरवडताना मला जो आनंद होतो तो नवी ट्यूब उघडताना कधी झालेला नाही. कापलेला तुकडा टोपीसारखा परत वर बसवायचा, म्हणजे राहिलेली वाळत नाही. ही युक्ती माझी स्वतःची. घरात तिचं अजून कुणी कौतुक केलेलं नाही.

तर एका सकाळी मी असंच ट्यूबचं शवविच्छेदन करत उभा होतो आणि बायको मोबाइल घेऊन न्हाणीघराच्या दारात आली. "अहो, कार्डाच्या बिलात हे व्याज कसलं लागलंय?" तोंडात ब्रश असल्याचा फायदा घेऊन मी काहीतरी पुटपुटलो. ती थांबली. माझी चूळ भरून झाली, तोंड पुसून झालं, टॉवेलची घडी झाली. तरी ती तिथेच. मग बघावंच लागलं. त्या एका महिन्याच्या व्याजात किती ट्यूबा आल्या असत्या, हे मी मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि चाळिसाच्या पुढे गेल्यावर नाद सोडला.

ही ट्यूब मुळात चित्रकारांची, बरं का. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या मऊ ट्यूबचं पेटंट घेतलं. तोवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून विकत, आणि पिशवीला एकदा भोक पाडलं की उरलेला रंग लवकर खराब होई. म्हणजे ट्यूब जन्माला आली तीच वाया जाऊ नये म्हणून. तिला शेवटपर्यंत पिळणं म्हणजे तिच्या जन्मदात्याचा मान राखणं, असं मी बायकोला समजावून पाहिलं. "त्याच्याकडे कार्ड नव्हतं," ती म्हणाली.

मी उधळ्या असतो तर एक वेळ ठीक होतं. पण मी पक्का चिक्कू. रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. लेक आत वाचत बसलेली असतानाही दोनदा गेलाय. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर खाली जो लाल ठिपका उरतो, तो माझ्या डोळ्यांत खुपतो. नुसतं जागं राहायला ५ वॅट खाणारं यंत्र वर्षभर तसंच ठेवलं तर जवळपास ४४ युनिटं जळतात. हे गणित मी पाहुण्यांनाही सांगितलेलं आहे. पाहुणे त्या दिवशी लवकर उठले.

नळाचं तर विचारूच नका. स्वयंपाकघरातला नळ सेकंदाला एक थेंब टपकायचा. मी खाली पातेलं ठेवून, घड्याळ लावून बसलो. तासाला ९०० मिलिलिटर भरलं. दिवसाला साडेएकवीस लिटर, वर्षाला ७,९०० लिटरच्या आसपास. घरात सगळ्यांना हाका मारून पातेलं दाखवलं. मग वायसर आणला, नळ उघडला, जुना कडक झालेला वायसर काढून नवा बसवला, थोडं पाणी तोंडावर उडवून घेतलं आणि दिवसभर त्या नळाकडे अभिमानाने बघत फिरलो. त्याच दिवशी संध्याकाळी फोनवर सवलतीचा कसलासा निरोप आला म्हणून दोन हेडफोन मागवले. एक आधीपासून होताच.

असा हा माणूस कर्जात कसा, याचं उत्तर वहीत सापडलं. वही बायकोची. रकाने आखलेले: किराणा, भाडं, वीज, शाळा, औषधं, प्रवास, आणि अगदी कडेला, पान संपता संपता, किरकोळ. ज्याला घरात जागा नाही ते माळ्यावर, आणि ज्या खर्चाला नाव नाही तो किरकोळात. शब्दही कसा लाडिक आहे बघा. किरकोळ जखम, किरकोळ वाद, किरकोळ दुरुस्ती. ऐकणाऱ्याने काळजी करू नये अशी सोय शब्दातच केलेली. मी स्वतः संध्याकाळी हिशेब सांगताना "आणि किरकोळ एवढे" असं इतक्या हलक्या आवाजात म्हणायचो की तिलाही ते परत विचारावंसं वाटायचं नाही.

त्या सकाळनंतर तिने गेल्या तीन महिन्यांच्या बेरजा मारल्या. किराणा पहिला, भाडं दुसरं आणि किरकोळ तिसरा. विजेच्या वर, औषधांच्या वर, शाळेच्याही वर. मग रात्री जेवणं झाल्यावर आम्ही किरकोळ फोडायला बसलो. फोनमधल्या तीन मासिक वर्गण्या, त्यातली एक अशा गोष्टीची जी आम्ही दोन वर्षांत उघडलेली नव्हती. पहिला महिना फुकट होता म्हणून घेतलेली. बिल एक दिवस उशिरा भरल्याचा दंड. घरपोच आणण्याचा आकार. तो आकार वाचावा म्हणून टोपलीत टाकलेल्या दोन वस्तू, ज्यांची किंमत आकाराच्या तिप्पट. तीन चार्जर. दोनावर एक फुकट म्हणून आणलेल्या शांपूच्या बाटल्या, त्याही अशा वासाच्या की घरात कुणी हात लावत नाही. एकेक ओळ वाचताना मी "हे होय, हे लागलं होतं" म्हणत होतो. तिसऱ्या चार्जरपाशी माझा आवाज बसला.

जपानमध्ये १९०४ साली हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरखर्चाची एक वही तयार केली. काकेइबो म्हणतात तिला, आणि तिथे अजूनही लोक ती हाताने भरतात. पैसा कशावर जाणार हे आधी ठरवायचं, गेल्यावर हाताने लिहायचं, महिनाअखेरीस दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. एवढंच. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिला जपानचं काही विशेष वाटलं नाही, पण हाताने लिहिण्याचं पटलं. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी घेऊन वहीतला शेवटचा रकाना आडव्या रेघांनी खोडून टाकला. आता आमच्या घरात किरकोळ नाही. जे काही घेतलं त्याला नाव द्यायचं. "सवलत होती म्हणून घेतलेला तिसरा चार्जर" हे असंच्या असं स्वतःच्या अक्षरात लिहावं लागतं. करून बघा. चौथा चार्जर घ्यायची हिंमत होत नाही.

राहिलं कार्ड. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण शहाणपणाचा टेंभा मिरवत मी याच खड्ड्यात पडलो होतो. बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा, एकूण देणं. त्याच्या शेजारी एक छोटा, किमान देय रक्कम. छोटा आकडा दिसायला फार गोड. तो भरला की उशिराचा दंड नाही, फोन नाही, बोभाटा नाही. मी वर्षभर तोच भरत होतो आणि आपण वेळेवर पैसे भरणारा माणूस आहोत असं समजत होतो. एका रात्री कागद घेऊन बसलो. समजा देणं शंभर. महिन्याला ३ टक्के व्याज, आणि व्याजासकट जे होईल त्याच्या ५ टक्के किमान रक्कम. नवी खरेदी शून्य, हप्ता एकही चुकवायचा नाही. बारा महिन्यांत भरले ५५. आणि उरले किती? माझा अंदाज होता पन्नासेक. उरले ७७. मी दोनदा गणित केलं. मग लेकीला करायला दिलं. तिचेही ७७ आले, वर "बाबा, हे कुणाचं आहे?" असा प्रश्न आला.

महिन्याला ३ टक्के ऐकायला किती साधं वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाचे ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातात. लुका पाचिओली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात एक सोपा ठोकताळा दिलाय: ७२ ला व्याजदराने भागा, तेवढ्या काळात रक्कम दुप्पट. ३ ने भागलं की २४ महिने. म्हणजे आज घेतलेला हेडफोन तसाच उधारीवर ठेवला तर दोन वर्षांत दोन हेडफोनांचं देणं. मी तर मुळातच दोन घेतले होते.

हप्त्यांवरच्या वस्तूंचीही हीच तऱ्हा. "फक्त १२ टक्के, फ्लॅट" असं विकणारा गोड हसून सांगतो. १२,००० घेतले, वर्षाचं व्याज १,४४०, महिन्याला हप्ता १,१२०. बरोबर वाटतं ना? पण सहाव्या महिन्यात तुमच्याकडे १२,००० राहिलेले कुठे असतात? जवळजवळ अर्धं मुद्दल परत गेलेलं असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर चालू. घटत्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. यात लपवाछपवी काही नाही, सगळं कागदावर छापलेलं असतं. आपण त्या वेळी वस्तूकडे बघत असतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला कार्ड असं नव्हतं. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं पहिलं कार्ड निघालं तेव्हा ते पुठ्ठ्याचं होतं आणि महिन्याचं बिल पूर्ण भरावं लागे. उरलेलं पुढच्या महिन्यावर ढकलायची मुभा देणारी बँकांची कार्डं नंतर पसरली. पुठ्ठ्याची जागा प्लॅस्टिकने घेतली, आणि प्लॅस्टिक टिकाऊ.

देणं फेडताना शास्त्र असं सांगतं की ज्याचं व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडा. आमची तीन देणी होती: कार्ड, एका यंत्राचे हप्ते आणि मेव्हण्याकडून घेतलेली थोडी रक्कम. मेव्हण्याचं व्याज शून्य. शास्त्राप्रमाणे तो शेवटी. पण तो घरी यायचा तेव्हा पैशांचं अवाक्षर काढायचा नाही, आणि त्या न काढण्यानेच मला घाम फुटायचा. नव्या कपड्यांत त्याच्यासमोर बसवेना. सगळ्यात आधी मी त्याचे पैसे टाकले. गणिताने चूक, मला मान्य आहे. त्या रात्री झोप मात्र अशी लागली की बिनव्याजी उधारी ही सगळ्यात महाग, या मतावर मी आलोय. मग कार्ड. ते कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली ठेवलं. फोनमध्ये साठवलेला त्याचा नंबर पुसला, हे जास्त उपयोगी पडलं. सोळा आकडे हाताने टाकायचे म्हटलं की उठून कपाट उघडावं लागतं, आणि एवढा उत्साह रात्री अकरा वाजता मला हेडफोनसाठीही नसतो. शेवटचा हप्ता गेला त्या महिन्यापासून तेवढीच रक्कम आम्ही बाजूला टाकायला लागलो. हात त्या रकमेशिवाय जगायला शिकलेलाच होता, म्हणून जड गेलं नाही. पुढे कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं तेव्हा त्याच पैशांतून दुरुस्ती झाली आणि कपाट उघडावं लागलं नाही.

या सगळ्यात ट्यूबने वाचवले किती, हे मी एकदा प्रामाणिकपणे काढलं. वर्षभराच्या खरवडण्यातून दीडेक ट्यूब. दिवे, लाल ठिपका आणि नळ धरूनही सगळी बेरीज त्या एका सकाळच्या व्याजाच्या जवळपास गेली नाही. भाडं, हप्ते, व्याजाचा दर अशा दोन-चार मोठ्या निर्णयांत घराचा पैसा राहतो किंवा जातो. ते निर्णय मी घाईत, उभ्याउभ्या, "बघू पुढे" म्हणत घेतले होते आणि सगळी अक्कल ट्यूबच्या मानेत खर्च केली होती. तरी कापणं सोडलेलं नाही. सवय आहे, आणि आनंद आहे.

गेल्या आठवड्यात मात्र घात झाला. नव्या ट्यूबचा पत्रा म्हणा, प्लॅस्टिक म्हणा, भलतंच जाड निघालं. मी जोर लावला आणि कात्रीचा खिळा तटकन उडून बेसिनच्या जाळीतून खाली गेला. दोन पाती दोन हातांत. नवी कात्री आणली. रात्री बायको वही उघडून बसली, पेनाचं टोपण काढलं. "कात्री," मी म्हटलं, आणि तिने रकान्यांवरून पेन फिरवायला सुरुवात केल्यावर हळूच जोडलं, "किरकोळ म्हणून चालेल ना?"

तिने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, पान आपल्याकडे ओढलं आणि किराण्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: पेस्ट, कात्रीसकट.