किडनी प्रत्यारोपणानंतर धावताना: दम लवकर परत येतो, पाय मागे राहतात

नवी किडनी नीट चालू लागली की दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन चढू लागतं. रक्तपेशी तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक किडनीतच बनतं. डायलिसिसवर असताना ते इंजेक्शनने घ्यावं लागायचं, आता आतूनच मिळतं. जिना चढताना लागणारी धाप जाते, भूक लागते, शांत झोप लागते. नेमकं याच टप्प्यावर अनेकजण बूट घालतात आणि थेट पळायला लागतात. दम पुरतोय म्हणजे पायही पुरतील असं वाटतं, पण तसं होत नाही. डायलिसिसच्या वर्षांत मांड्यांचे स्नायू झिजलेले असतात, हाडांमधलं कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडलेलं असतं आणि त्यात प्रत्यारोपणाच्या सुरुवातीला दिलेले स्टेरॉइडचे मोठे डोस. म्हणून धावणं किती आणि केव्हा वाढवायचं हे दमावर सोडू नका. हाडं, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि रक्ताचे रिपोर्ट काय म्हणतात ते बघा.

पहिले सहा ते आठ आठवडे फक्त चालायचं. हॉस्पिटलमध्ये पहिल्या-दुसऱ्या दिवशी उभं करतात, तिथूनच सुरुवात होते: पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, मग हळूहळू सलग अर्धा तास. या काळात चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. भरलेली बादली, पाण्याचा हंडा, कडेवर घेतलेलं मूल, सगळं त्यात आलं. पोटाच्या भिंतीचे थर आतून जुळत असतात. ताण पडला तर टाक्यांच्या जागी हर्निया होतो आणि त्याचं पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, काढेपर्यंत धावण्याचा विचारही नको. तो साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढतात. स्टेंट आत असताना जास्त हालचाल झाली की लघवीतून रक्त जाऊ शकतं.

नवी किडनी जुन्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या भागात, बहुतेकदा उजव्या बाजूला, जांघेच्या जरा वर असते. तिथे बरगड्यांचं कवच नसतं. धावताना बसणाऱ्या हादऱ्यांनी ती सरकत नाही, ही भीती मनातून काढून टाका. भीती बाळगायची ती थेट आघाताची: कबड्डी, कुस्ती, सीझन बॉलचं क्रिकेट, सायकलचं हँडल पोटात घुसणं. पाण्याच्या बाटलीचा कमरपट्टाही त्या जागेवर आवळू नये, पाठीवरची छोटी सॅक बरी. हातात डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी मुद्दाम जोडलेली रक्तवाहिनी) अजून चालू असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात बांधा आणि पडताना तो हात खाली येणार नाही अशा सपाट रस्त्यावर धावा.

धावणं साधारण तीन महिन्यांनंतर, तेही नेफ्रोलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, होकार दिल्यावर. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) काही आठवडे स्थिर हवं, रक्तदाब ताब्यात हवा, जखम पूर्ण भरलेली हवी. पायांची परीक्षा घरीच घेता येते. हात न टेकवता खुर्चीतून दहा वेळा उठता येतं का? भिंतीला बोट लावून एका पायाच्या चवड्यावर पंधरा-वीस वेळा टाच उचलता येते का? पाऊण तास भरभर चालल्यावर दुसऱ्या दिवशी कुठे दुखतं का? स्टेरॉइडने सर्वात आधी मांड्या आणि कंबर-नितंबाचे स्नायू कमजोर होतात. त्यामुळे खुर्चीच्या परीक्षेत अडकलात तर आधी महिना-दीड महिना आठवड्यातून दोन-तीन दिवस उठबशा, पायऱ्या चढणं आणि टाचा उचलणं करा.

सुरुवात चाल-धाव पद्धतीने. पाच मिनिटं चालून अंग गरम करा, मग एक मिनिट सावकाश धाव आणि दोन मिनिटं चाल, असं सहा-सात वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चाल. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. इतर नवखे धावणारे दर आठवड्याला पुढची पायरी घेतात. आपण प्रत्येक पायरीवर दोन आठवडे थांबायचं. पुढे दोन मिनिटं धाव-दोन मिनिटं चाल, मग तीन-एक, मग पाच-एक. या गतीने सलग अर्धा तास धावायला तीन-चार महिने लागतात आणि ते योग्यच आहे. वेग इतकाच की पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यावं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दाबलेले असतात, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा बोलण्याची कसोटी खरी. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांना तर हे जास्तच लागू पडतं. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असल्याने त्याचे ठोके उशिरा वाढतात आणि थांबल्यावरही उशिरा उतरतात. त्यांनी सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा मिनिटं चालणं कधीच टाळू नये.

दुखण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात महाग चुका इथे होतात. जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला, वजन टाकल्यावर दुखत असेल, लंगडायला होत असेल, तर तो स्नायू आखडल्याचा प्रकार समजून पुढे धावू नका. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते हाड मरू लागलेलं असू शकतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. लवकर सापडलं तर सांधा वाचवण्याची संधी असते. उशीर झाला की खुबाच बदलावा लागतो. एमआरआय होईपर्यंत धावणं बंद, चालणंही बेताचं. दुसरी जागा टाचेमागचा अकिलिस टेंडन. स्टेरॉइडसोबत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घ्यावी लागली, उदाहरणार्थ लघवीच्या संसर्गासाठी, तर हा टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, आणि तो औषध संपल्यावरही काही काळ राहतो. त्या काळात धावणं आणि उड्या पूर्ण बंद ठेवा.

दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन आणायचं नाही. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं टॅक्रोलिमस हे औषध किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी आधीच आकसवतं. ही वेदनाशामकं ती मोकळी ठेवणारी यंत्रणाच बंद करतात. घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशी एखादी गोळी पोटात गेली की एका दिवसात क्रिएटिनिन वर जाऊ शकतं. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. मिश्र गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, त्यांत डायक्लोफेनॅक-आयब्रुफेन दडलेली असतात. पोटऱ्यांत वारंवार वात येत असेल तर मीठ वाढवत बसू नका, मॅग्नेशियम तपासा. टॅक्रोलिमसमुळे ते लघवीतून निघून जातं.

पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर घ्या. धावण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम. साठ किलोच्या माणसाचं वजन सव्वा किलोच्या आसपास घटलं तर पाणी कमी पडलं. वाढलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं, आणि त्यानेही सोडियम घसरतं. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे सूर्य वर यायच्या आत घरी परतायला हवं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सनस्क्रीन लागतंच. शहाळ्याचं पाणी रोजचं समजू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि टॅक्रोलिमस, सेप्ट्रान (अँटिबायोटिक), टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) ही तिन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात. रिपोर्ट बघून ठरवा. रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचं सरबत नको. पपनस आणि ग्रेपफ्रूटने टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल चढते, ती फळं वर्ज्य. ताकदीसाठी म्हणून गुळवेलही घेऊ नका. प्रतिकारशक्ती चेतवणं म्हणजे नव्या किडनीवर शरीराला सोडणं.

जुलाब लागले तर धावणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पाणी कमी होतं हे कुणालाही समजतं, पण जुलाबांत टॅक्रोलिमसची लेव्हल घटण्याऐवजी वाढते, कारण सुजलेलं आतडं औषध जास्त आत सोडतं. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं, पायांवर सूज, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, यांपैकी काहीही झालं तरी हेच. स्नायू खूप दुखून कोकाकोलाच्या रंगाची लघवी झाली तर थेट इमर्जन्सीत जायचं.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून धावू नका. लेप्टोस्पायरोसिस मुंबईत दरवर्षी होतो आणि पायावरची एक छोटी जखम त्याला पुरते. कबुतरखाने आणि बांधकामाची धूळ टाळून रस्ता निवडा. दोन्हींतून फुफ्फुसात बुरशी जाते.

स्पर्धेचं ध्येय ठेवायला काहीच हरकत नाही. जागतिक ट्रान्सप्लांट गेम्स 1978 साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला सुरू झाले. 2023 मध्ये ते पर्थला आणि 2025 मध्ये ड्रेस्डेनला झाले. तिथे अवयव मिळालेली माणसं मनापासून, जिंकण्यासाठी धावतात. शर्यतीच्या दिवशी सकाळी आठची गोळी आठलाच घ्यायची, रांगेत उभं असाल तरी. ती खिशात, प्लॅस्टिकच्या पुडीत असू द्या, सोबत औषधांची नावं, रक्तगट आणि हॉस्पिटलचा नंबर लिहिलेला कागद. जोरदार धावल्यावर दोन-तीन दिवस क्रिएटिनिन तपासायला जाऊ नका, स्नायूंमुळे आकडा चढलेला दिसू शकतो. तपासणीची तारीख आधीच ठरलेली असेल तर शर्यत पुढे ढकला किंवा तारीख बदलून घ्या. तेही जमलं नाही तर रक्त घेतानाच सांगा की परवा दहा किलोमीटर धावलो आहे, आणि डॉक्टरांनाही तसं कळवा.