छत बुटकं, लेथ आठ फुटी

घरच्या गॅरेजमधलं यंत्र हलवायचं काम आलं की आमच्या धंद्यातले बरेच जण काहीतरी कारण सांगून टाळतात. वजनाची भीती नसते. दीड टनाचा लेथ (धातू कातायचं यंत्र) म्हणजे कारखान्यात जेवणाच्या सुट्टीआधी उरकणारं काम. पण तिथे डोक्यावर क्रेन असते, हुक हवा तेवढा वर जातो, उचलायचे लांबलचक बेल्ट टाकून मोकळं होता येतं. गॅरेजमध्ये हुक आणि यंत्र यांच्यात हातभर जागा मिळाली तरी नशीब म्हणायचं. तिथे बेल्ट कोणता घ्यायचा हे वजनाच्या आधी छत ठरवतं, आणि नेमकं हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. काकांच्याही शिरत नव्हतं.

काका म्हणजे निवृत्त टर्नर. उभी हयात लेथवर गेली, तेव्हा घरी बसल्यावर स्वतःचा लेथ हवाच होता. आठ फुटी बेडचा (बेड म्हणजे लेथचा लांब ओतीव पाया) जुना, पण बेड न झिजलेला एक त्यांनी शोधून काढला. वाहतूकवाल्याने तो लाकडी चौकटीसकट गॅरेजमध्ये आणून टेकवला आणि तो निघून गेला. आता चौकट काढायची, यंत्र जमिनीवर घ्यायचं आणि भिंतीकडच्या जागेवर बसवायचं. उचलायचं होतं बोटभर, सरकवायचं चार पावलं. ऐकायला एवढंच.

मी पोचलो तेव्हा त्यांची तयारी पूर्ण होती. छताच्या तुळईला साखळी ओढून वजन उचलायचा चेन पुली ब्लॉक टांगलेला. खाली ताडपत्रीवर सगळा सरंजाम ओळीने मांडलेला: गाडी ओढायचा पट्टा, दोन रॅचेट पट्टे, एक साखळी, आणि राखाडी रंगाचे दोन रुंद बेल्ट. बेल्टांवर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, चार टनी आहेत. एकावर चार, दोनांवर आठ. लेथ दीड टनाचा. लाव आणि उचल."

पहिल्यांदा चेन ब्लॉक खाली घेतला. तुळई छप्पर पेलायला बसवलेली असते. मधोमध एकाच बिंदूवर दीड टन लोंबकळवायचा हिशेब तिच्या नशिबी कुणी केलेला नसतो. मी चाकांची गँट्री, म्हणजे पायांवर उभा आडवा गर्डर, बरोबर नेली होती, त्यामुळे यावर फार बोलावं लागलं नाही. बोलणं झालं ते ताडपत्रीवरच्या मालावर.

गाडी ओढायचा पट्टा मुद्दाम ताणला जाणारा बनवतात, झटका खाऊन घ्यावा म्हणून. लटकलेल्या भाराखाली असला ताण म्हणजे यंत्र वर-खाली हेलकावणार. तो बाजूला. रॅचेट पट्ट्याच्या लेबलावर २५०० डेकान्यूटन लिहिलेलं, म्हणजे साधारण अडीच टन, म्हणून काकांचा त्यावर फार जीव. पण तो आकडा माल गाडीत बांधून ठेवायच्या ताकदीचा असतो, उचलायचा नव्हे. त्याच लेबलावर उचलण्यासाठी वापरू नये असंही छापलेलं होतं, बारीक अक्षरात. साखळी चांगली जाड होती, पण कड्यांवर ग्रेडचा शिक्का कुठेच नाही. उचलायच्या साखळीवर ठराविक अंतराने ८ किंवा १० असा शिक्का असतो. नसेल तर ती फाटकाची साखळी, जाडी कितीही असो. तसंही घासून गुळगुळीत केलेल्या बेडवर साखळी टाकायला माझा हात धजत नाही. लोखंडावर लोखंड सरकतं, आणि चरे पडतात ते वेगळेच. कडा फार धारदार किंवा वस्तू गरम असेल तिथे साखळीला तोड नाही, पण इथे तसं काही नव्हतं.

राहिले राखाडी बेल्ट. युरोपच्या ईएन १४९२ मानकाप्रमाणे जांभळा एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, लाल पाच. तेव्हा काका चुकीचं बोलत नव्हते, रुंदीही १२० मिलिमीटर, चार टनाला साजेशी. पण एकाचं लेबल अर्धं फाटलेलं, दुसऱ्याचं धुऊन कोरं झालेलं. रंग बघून मी बेल्ट कपाटातून काढतो, लेबल वाचून हुकात घालतो. लेबल वाचता येत नसेल तर तो बेल्ट माझ्यासाठी चिंधी आहे. हे मी जरा सौम्य शब्दांत सांगितलं.

"अरे, पण यात सातपट मार्जिन असतं म्हणतात ना?"

असतं, काका. कापडी बेल्टला सातास एक, साखळीला चारास एक. पण ते अंगावर जखम नसलेल्या, सरळ ओढलेल्या बेल्टाचं. धारदार कडेवर भार देऊन बेल्ट जरा सरकला की सातपट असो की दहापट, क्षणात कापला जातो.

मग टेप काढून उंची मोजली. इथे खरी गंमत सुरू झाली. गँट्रीचा आडवा गर्डर छताला जेमतेम चुकत होता. त्याखाली ट्रॉली, त्याखाली चेन ब्लॉक. ब्लॉकही स्वतःच्या अंगाने हात-सव्वा हात खातो. पूर्ण वर ओढल्यावर हुक जमिनीपासून १७० सेंटिमीटरवर. चौकटीवर बसलेल्या लेथच्या बेडची खालची बाजू ८० सेंटिमीटरवर. म्हणजे हुकापासून बेडच्या पोटापर्यंत ९० सेंटिमीटर, त्यातले चार-पाच उचलायला लागणार. काकांचे बेल्ट तीन मीटरचे. बेडखालून घालून दोन्ही टोकं हुकात आणली तर हुक छताला टेकेपर्यंत ओढूनही ते ढिलेच राहिले असते.

"मग गाठ मारू. एकेक गाठ मारली की बसेल मापात."

गाठ मारलेल्या बेल्टाची ताकद निम्म्यावर आली तरी आश्चर्य वाटायला नको. गाठीत धागे एकमेकांना चिरडतात. पीळ देऊन आखूड करायचाही तोच प्रकार. टर्नर माणूस, मायक्रोमीटरने मोजणारा, आणि बेल्ट मापात बसवायला गाठ! मी हसलो, तेही हसले.

आखूड बेल्ट घ्यावा तर दुसरी पंचाईत. दोन बेल्ट बेडवर सव्वा मीटरच्या आत-बाहेर अंतराने बसणार आणि मधल्या एका हुकात येणार, म्हणजे तिरके. जमिनीच्या समांतर रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक बाजूवर एकूण भाराच्या ५८ टक्के ओढ येते. ४५ अंशाला ७१ टक्के. ३० अंशाला प्रत्येक बाजू अख्खा भार ओढते, म्हणजे दोन बेल्ट लावून फायदा शून्य. त्याच्याही खाली गेलं तर दोन्ही बाजूंवर यंत्राच्या वजनापेक्षा जास्त ओढ. दीड मीटरचे बेल्ट टाकले असते तर कोन पंचवीसच्याही खाली गेला असता. दोन मीटरचे टाकले तर पन्नासच्या आसपास. म्हणून दोन मीटर. वजनाचा आकडा या सगळ्यात अजून कुठे आलेलाच नव्हता.

तो आता आला. मॅन्युअलमध्ये १४०० किलो. सोबतचे जोड, टूलपोस्ट, कपाटात भरून ठेवलेली हत्यारं धरून मी १६०० मानले. पन्नास अंशाला निम्म्या भारामागे एका बेल्टवर साधारण १०५० किलोची ओढ. प्रत्येक बेल्ट बेडखालून झोळीसारखा जाणार, दोन पदरांवर भार घेणार. हिशेबात जांभळे एक टनीही बसले असते. तरी हिरवे घेतले, कारण लेथ निम्मा-निम्मा कधीच नसतो. हेडस्टॉक (काम फिरवणारं डोकं), गिअरबॉक्स, मोटर सगळं डावीकडे. डावा बेल्ट बराचसा भार एकट्याने घेतो असंच धरून चालायचं.

आणि हिरवे म्हणजे सपाट नव्हेत, राउंड स्लिंग. इथे काकांनी खरा प्रश्न विचारला: रुंद बेल्ट जास्त चांगला नाही का, भार पसरतो? सरळ वर ओढलात तर पसरतो. पण इथे बेल्ट बेडखाली आडवा बसणार आणि वर जाताना बेडच्या लांबीच्या दिशेने तिरका होणार. मग १२० मिलिमीटर रुंदीतली एक कड ताठ होते आणि दुसरी लुळी लोंबते. भार येतो तो ताठ कडेवर. कापड कडेला धरून ओढलं की तिथूनच फाटायला लागतं, तसं. शिवाय रुंद बेल्टाचं शिवलेलं टोक जाड. ते बेड आणि लीड स्क्रू (बेडच्या लांबीने जाणारा आट्यांचा दांडा) यांच्यामधल्या फटीतून जायलाच तयार नव्हतं. लीड स्क्रूच्या बाहेरून बेल्ट घेतला असता तर पहिल्याच ओढीला स्क्रू वाकला असता, आणि वाकलेल्या लीड स्क्रूचा लेथ काकांना ठेवायला तरी आवडला असता का?

राउंड स्लिंग म्हणजे पॉलिएस्टरच्या अखंड धाग्याची लड, वरून शिवलेली खोळ. भार फक्त आतली लड घेते, खोळ तिला सांभाळते. म्हणून लावण्याआधी मी ती बोटांत धरून पूर्ण फिरवून घेतो. आत कुठे गाठळलेलं, कडक, वितळल्यासारखं लागलं की बाद. खोळ फाटून आतला पांढरा धागा दिसला तरी बाद. काकांनी माझ्यानंतर स्वतः एकदा फिरवून पाहिली.

बेडच्या पोटाखाली हात घातला तर ओतीव लोखंडाची कड, कुणी कधी कानस न मारलेली, बोटाला बोचत होती. कडेची गोलाई बेल्टच्या जाडीपेक्षा कमी असेल तर ती धारदार समजायची, असा आमचा नियम. ही तर सरळ सुरीच होती. कन्व्हेयर बेल्टचे जाड तुकडे दुमडून चारही कोपऱ्यांत बसवले, लीड स्क्रूच्या बाजूला लाकडी ठोकळा. चक (काम पकडणारा जबडा) काढून खाली ठेवला, तेवढाच डावीकडचा भार कमी. टेलस्टॉक (कामाचं दुसरं टोक धरणारा भाग) पार उजव्या टोकाला, कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) त्याला चिकटवून लॉक. टेलस्टॉकची पकड जरा सैल वाटली, म्हणून तो रॅचेट पट्ट्याने बेडला आवळला. काका खूश, त्यांच्या सरंजामातलं काहीतरी कामाला आलं.

माझ्या जोडीदाराने चेन ब्लॉकची साखळी धरली. आमच्या बोलीत हबेस म्हणजे वर, आरिया म्हणजे खाली. "हबेस, हबेस... बास." बेल्ट ताठ झाले, चौकटीची लाकडं कुरकुरली, उजवीकडचा पाया उठला आणि डावीकडचा जागेवरच. "आरिया." दोन्ही बेल्ट हेडस्टॉककडे सरकवले, डावा अगदी त्याच्या अंगाला चिकटवला, उजवाही तेवढाच आत, हुक नव्या मध्यावर. पुन्हा हबेस. आता दोन्ही टोकं जवळपास एकदमच सुटली. यंत्र एवढंसं उचलून तसंच टांगून ठेवलं, आम्ही सगळे लांब उभे. काकांना बोलायचं होतं, मी हाताने थांबवलं. काही सरकत नाही, काही करकरत नाही, हे बघून झाल्यावरच चौकट काढायला घेतली, तीही लांब लाकडाने ढकलून. टांगलेल्या यंत्राखाली हात जाता कामा नये, मग ते बोटभरच का उचललेलं असेना.

पुढचं काम पटकन झालं. खाली लोखंडी पाइप टाकले, लेथ त्यांच्यावर उतरवला आणि पहारीने रेटत जागेवर नेला. भार टांगलेला असताना गँट्री ढकलत न्यायचा मोह काकांना झाला होता. दीड टन वर लोंबत असताना एखादं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की काय होतं, ते मी एकदा दुसऱ्याच्या कामावर पाहिलं आहे, म्हणून तो विषय मी वाढू दिला नाही.

बेल्ट सोडल्यावर कन्व्हेयरचे तुकडे काकांच्या हातात दिले. हेडस्टॉकखालच्या तुकड्याच्या आतल्या बाजूला एक सरळ रेघ उमटली होती, नखाने चाचपता येईल एवढी खोल. एका टोकाला रबर फाटून आतला कापडाचा थर दिसत होता. त्यांनी चष्मा वर करून ती रेघ बराच वेळ पाहिली. मग स्वतःच राखाडी बेल्ट उचलून म्हणाले, "याचं काय करायचं?" आमच्याकडे बाद बेल्ट कापूनच टाकतात, नाहीतर कुणीतरी तो पुन्हा हुकात घालतो. कात्रीने जमेना, शेवटी धारदार सुरी आणली. तुकडे त्यांनी फेकले नाहीत, लेथच्या ट्रेखाली घालायला ठेवून दिले.

आम्ही गँट्री सोडवत असताना त्यांनी हळूच विषय काढला: एक मिलिंग मशीन बघून ठेवलं आहे, टनभराचं. हेच हिरवे बेल्ट चालतील का? मी विचारलं, रॅम (हेड धरणारी वरची आडवी भुजा) किती उंचीवर आहे? मिलिंग रॅमखालून बेल्ट घालून उचलतात, टेबल वर घेऊन, हेड उलटं फिरवून लाकडावर टेकवून. वरचा भाग जड असल्यामुळे ते कलंडायला टपलेलंच असतं. काकांनी टेप घेतला, गॅरेजच्या मधोमध उभं राहून छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिलिंग पत्र्याच्या शेडमध्ये ठेवूया. तिथे उंची जास्त आहे."