फळ्यांवरून चालत खायचं कस्टर्ड

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घरात उन्हाळ्यात कुणी पाहुणा आला की आधी न्यूयॉर्क, मग नायगारा, आणि मध्ये एखादा दिवस उरलाच तर "चला, शोअरला जाऊन येऊ." मला विचाराल तर शोअर, म्हणजे इथला समुद्रकिनारा, आधी घ्यावा. धबधबा कुठे पळून जात नाही, दाट आइस्क्रीमसारख्या फ्रोझन कस्टर्डच्या खिडक्या मात्र उन्हाळा सरला की भराभर बंद होतात.

पुण्याहून आलेल्या मावशीला घेऊन आम्ही ओशन सिटी गाठलं. गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेला दोनेक तास, मग सोमर्स पॉइंटवरून खाडीवरचा लांबलचक पूल. पुलाच्या अलीकडे दारूच्या दुकानात ही झुंबड, कारण पलीकडे थेंब विकत मिळत नाही. १८७९ मध्ये लेक बंधू नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी हे गाव वसवलं तेव्हापासूनचा नियम, हॉटेलांनाही सुटका नाही. तेव्हा इथे व्यसन करायचंच तर गोडाचं करायचं.

गावाचा जीव बोर्डवॉकवर. अडीच मैलांचा फळ्यांचा रस्ता, एका अंगाला वाळू आणि अटलांटिक, दुसऱ्या अंगाला दुकानांची रांग. ही कल्पना शेजारच्या अटलांटिक सिटीची. समुद्रावरून परतणारे लोक बुटांतून वाळू घेऊन हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत शिरत, म्हणून १८७० मध्ये तिथे फळ्या टाकल्या आणि मग किनाऱ्यावरची गावंच्या गावं त्या मार्गाला लागली. उन्हाळ्यात वाळूवर उतरायला पैसे मोजून बिल्ला घ्यावा लागतो (चौपाटीवर वाढलेल्या माणसाला हे काही केल्या पटत नाही). फळ्यांवर मात्र कितीही भटका.

कॅरॅमल पॉपकॉर्न, सॉल्ट वॉटर टॅफी, पिझ्झा असं सगळं ओलांडून आम्ही कोर ब्रदर्स या कस्टर्डच्या दुकानाच्या खिडकीशी आलो. मावशीने तिथेच पाय रोवले. "अगं, यात अंडं नसेल ना?"

असतंच. इथे कायदाच तसा आहे: वजनाच्या किमान १.४ टक्के अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा घन भाग असल्याशिवाय त्याला फ्रोझन कस्टर्ड म्हणून विकता येत नाही, त्याहून कमी असेल तर ते नुसतं आइस्क्रीम. मावशीने लग्नाच्या पंगतीत आयुष्यभर जे फ्रूट कस्टर्ड खाल्लं ते पावडरचं, म्हणजे मक्याच्या पिठाचं. ती पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने काढली, बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. आमच्या सोवळ्याची सोय इंग्रजाने परस्पर करून ठेवली होती, न्यू जर्सीत ती चालेना. मावशीने सरबताच्या बर्फासारखं लिंबाचं वॉटर आइस घेतलं आणि तेही झकास निघालं.

माझा हट्ट ऑरेंज-व्हॅनिला ट्विस्टचा. खिडकीतली कॉलेजवयाची मुलगी कोन तोटीखाली धरते, दांडा ओढते आणि मनगट हलकेच फिरवत राहते. केशरी आणि पांढरी अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी उतरतात, एकमेकींत मिसळत नाहीत, पिळाच्या टोकाशी मुलगी झटका देऊन दांडा सोडते. चमचा नाही, वाटी नाही. पहिला घास जिभेवर दाट, जवळजवळ रबडीसारखा लागतो. मशीन त्यात हवा कमी भरतं, आणि बलकातलं लेसिथिन दुधाची चरबी आणि पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बर्फाचे कण जाणवत नाहीत आणि पदार्थ लवकर पाघळत नाही.

या न पाघळण्यासाठीच तर सगळा खटाटोप. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कचे आर्ची आणि एल्टन कोर हे दूधवाले भाऊ १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला आइस्क्रीम विकायला आले. समुद्राच्या हवेत कोन टिकेना, म्हणून त्यांनी मिश्रणात अंडं घातलं. पहिल्याच शनिवार-रविवारी पाच सेंटला एक या दराने १८,४६० कोन खपले असं सांगतात. पुढे १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून हा पदार्थ मिडवेस्टात गेला आणि तिथल्या मिलवॉकी शहराने त्याला असं आपलंसं केलं की तिथली माणसं तो आपलाच समजतात. तिथलं कस्टर्ड स्कूपने काढतात, बर्गरनंतर खातात. उत्तम असतं, वाद नाही. पण मला ते जेवणानंतरचं गोड वाटतं, चालण्याची लय त्यात नाही.

आपसातले वाद शोअरवरही आहेत. उत्तरेकडच्या सीसाइड हाइट्सला जाणारे तिथल्याच 'कोर्स' नावाच्या कस्टर्डच्या दुकानाला अस्सल मानतात. २०१२ च्या सँडी वादळाने त्या किनाऱ्याची दैना केली. खाऱ्या पाण्याने खराब झालेल्या वायरिंगमुळे २०१३ च्या सप्टेंबरात शेजारच्या सीसाइड पार्कात एका कस्टर्डच्या दुकानाच्या इमारतीखाली आग लागली आणि पन्नासहून जास्त दुकानं गेली. तरीही तिकडचे लोक निष्ठा बदलायला तयार नाहीत.

ओशन सिटीत वादळापेक्षा रोजचा शत्रू म्हणजे सीगल. हातातलं खाणं झडप घालून नेण्यात ते इतके तरबेज झाले की २०१९ मध्ये गावाने त्यांना हुसकायला चक्क ससाणे आणि बहिरी आणवले. तरी जपाच. कोन छातीशी धरा आणि दुकानांच्या बाजूने चाला. चॉकलेट-व्हॅनिला ट्विस्ट पोरांसाठी ठेवा. नुसतं ऑरेंज घेऊ नका, व्हॅनिलाशिवाय ते औषधी गोळीसारखं लागतं. आणि मोठा कोन तर मुळीच नको, छोटा संपेपर्यंत पुढची खिडकी येतेच.