डावीकडे वळायचंय? मग आधी सरळ जा

तैवानची राजधानी तैपेईत स्कूटरवरून डावीकडे वळायचं असेल, तर मोठ्या चौकात आधी सरळ जायचं. पुण्या-नागपुरात गाडी चालवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. इथे वाहतूक उजवीकडून, त्यामुळे इथलं डावं वळण म्हणजे आपलं उजवं, समोरच्यांना आडवं जाऊन घ्यायचं. आपण काय करतो? चौकाच्या मध्यात चाक पुढे पुढे सरकवत राहतो आणि समोरचा जरा थबकला की घुसतो.

इथे एका दिशेला तीन किंवा जास्त लेन असल्या की सहसा ते चालत नाही. हिरवा सिग्नल मिळाला की उजव्या कडेनं सरळ निघायचं. उजवीकडून येणाऱ्या आडव्या रस्त्याच्या झेब्रापुढे पांढरा चौकोन आखलेला असतो. त्यात गाडी डावीकडे तोंड करून उभी करायची. आता आडव्या रस्त्याचा सिग्नल तोच तुमचा. तो हिरवा झाला की त्या गाड्यांच्या पुढे सरळ निघून जायचं.

घोळ होतो तो चौकोनात शिरताना. पिवळ्यावर शिरलात आणि चौकोन भरलेला असला, तर मागचं चाक बाहेर लटकतं. करकचून ब्रेक मारलात तर सरळ जाणारा मागचा येऊन धडकतो. म्हणून चौक निम्मा ओलांडतानाच रेस सोडायची आणि मागचा ब्रेक दोनदा हलका दाबायचा, म्हणजे दिवा मागच्याला दिसतो. आरशात उजवीकडे वळू पाहणारी मोटार आहे का, हेही आधीच बघायचं. इथल्या अनेक स्कूटरवाल्यांना हा नियम आवडत नाही, चौकोनात आडव्या वाहतुकीच्या तोंडावर उभं राहावं लागतं म्हणून. त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी समोरच्या लोंढ्यात घुसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

आपल्या लोकांना शिस्तच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत 40 सेंटिमीटर रुंद, 15 मीटर लांब पट्टीवरून किमान 7 सेकंद घेत जायचं असतं, म्हणजे ताशी 8 किलोमीटरच्याही खाली. पाय टेकला की नापास. रेस एकसारखी थोडी ठेवायची, मागचा ब्रेक हलका धरायचा आणि नजर चाकावर न ठेवता पट्टीच्या टोकावर ठेवायची. दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून पाय न टेकता गेलेल्याला हे काय अवघड? कसब आपल्याकडे आहेच, चौकात चौकोन आखून तर द्या! हेल्मेटचं मात्र कबूल करायला हवं. इथे सक्ती 1997 पासून आहे आणि लोक निमूट घालतात, आपण अजून वाद घालतोय.

सुख कसलं म्हणाल, तर सकाळी तैपेई पुलाच्या उतारावरून शेकडो स्कूटर एकदम खाली ओघळतात, त्या गर्दीत असण्याचं. कुणी कट मारत नाही, हॉर्नही जवळजवळ नाही.

हिवाळ्यातल्या रिमझिम पावसात मात्र जपून. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे साबणासारखे होतात. ब्रेक लावायचा तो त्यांच्या अलीकडे, गाडी सरळ असताना, दोन्ही एकदम. चौकोनात उभं राहिल्यावर पाय पांढऱ्या रेघेवर टेकू नका, आतल्या डांबरावर टेका.